चिनी गल्ल्यांतला सोनेरी कागद

गणपतीला तीन आठवडे होते तेव्हा सूनबाईनं जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरला. गावचं घर बंद करताना मुलानं आईच्या ट्रंकेतलं काय काय इथे कतारला आणलं होतं, त्यात ते पुडकं निघालं. जाडेभरडे, पंजाएवढे चौकोनी कागद. मधोमध सोनेरी वर्ख आणि त्यावर तांबड्या शाईत तीन चिनी म्हातारे. थोड्या कागदांवर सोन्याऐवजी चांदी होती.

"बाबा, हाच ना तो? आईंच्या मखराचा?" सून म्हणाली. "यंदा सेम तसंच करू या. खवल्याखवल्यांचं."

"तो कागद लावायचा नाही," मी म्हणालो.

"का?"

"नाही म्हटलं ना एकदा."

मुलानं लॅपटॉपवरून मान वर केली. "बाबा, गेल्या वर्षी आई गेली म्हणून आपण सण केला नाही. यंदा पहिल्यांदा बसवतोय. माझ्यासाठी गणपती म्हणजे तेच मखर आहे. लहानपणी मी त्याच्यासमोर झोपायचो. एवढं तरी करू द्या."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. संध्याकाळचे सहा वाजले होते. दोह्याच्या या अल गराफा भागात त्या वेळी रस्त्यावर चालणारा मी एकटाच असतो. बंगल्यांच्या भिंती, पुढे परत भिंती, मधे वाळूचा मोकळा प्लॉट, त्यात उभ्या गाड्या. हवा एवढी दमट की चष्म्यावर पाणी धरतं. सून म्हणते, बाबा मॉलमध्ये चाला, तिथे एसी आहे. पण मॉलमध्ये चालून कुठे पोचल्यासारखं वाटत नाही. चौदा महिने झाले, माझे पाय घरात ठरत नाहीत. बसलो की उठतो. उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही.

त्या दिवशी मात्र कशासाठी उठलो ते पक्कं माहीत होतं. तो कागद मेलेल्या माणसांसाठी जाळायचा असतो. मलेशियात पिनांगच्या एका बाईनं मला तसं तोंडावर सांगितलं होतं. आणि ते ऐकूनसुद्धा मी पुढची बारा वर्षं माझ्या बायकोला त्याच कागदानं गणपतीचं मखर करू दिलं. मुलगा ज्याच्यासमोर झोपायचा ते हेच मखर. आता त्याला सांगायचं तर त्याची ती आठवण नासणार. नाही सांगायचं तर या घरातही पुन्हा तेच टांगायचं.

मी चौथी पास. सगळी हयात बोटीवर भंडारी होतो, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. बोट बंदराला लागली की बाकीचे कुठे जायचे ते मी सांगत नाही. मी चिनी वस्तीत जायचो. भंडाऱ्याला लागतं ते सगळं तिथे मिळतं. हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, सुके सोडे, आपल्यासारखा तांदूळ. गोऱ्यांच्या बाजारात मिरची मागितली तर लोक हसायचे. चिनी बाई दोन जातीच्या काढून दाखवायची आणि कुठली जास्त तिखट ते तोंड वाकडं करून सांगायची. भाषा लागायची नाही. मी सोडे नाकाला लावायचो, मान हलवायचो, दुसरे मागायचो. तीही मान हलवायची. झाला सौदा.

तो कागद पहिल्यांदा सिंगापूरला घेतला. लग्नाला वर्ष झालं होतं. तेव्हाची तिथली चिनी वस्ती म्हणजे खाली दुकान, वर माणसंच माणसं, खिडकीतून बांबू बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घातलेले. गटाराच्या कडेला बायका बेडूक सोलत बसायच्या. तिथल्या एका गल्लीत नुसती कागदाची दुकानं होती. कागदाचे बंगले, कागदाच्या गाड्या, कागदाचे बूट. मला वाटलं, लहान मुलांचा बाजार आहे किंवा आपल्यासारखाच आराशीचा. तिथेच हा सोनेरी कागद थप्प्या लावून ठेवला होता. गणपती जवळ आला होता. मी दोन थप्प्या उचलल्या. दुकानदारानं मला खालून वर पाहिलं, एकदा माझ्या काळ्या तोंडाकडे, एकदा थप्प्यांकडे, आणि आणखी एक थप्पी फुकट दिली. वर पाठीवर थोपटलं. मला वाटलं, काय भला माणूस आहे. माझ्या घरचं कोणीतरी गेलंय असं त्याला वाटलं असणार, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

घरी पुडकं सोडलं तर बायको हरखली. "कुठनं आणलात वो हे? ह्याला तर सोनाराकडचा वर्ख हाय!" तिनं वर्खाचा भाग तेवढा कापून घेतला, पिठाची खळ केली, आणि बांबूच्या मखरावर खालपासून वरपर्यंत एकावर एक चिकटवत गेली, माशाचे खवले असतात तसे. कडेनं चांदीची पट्टी. तांबडे म्हातारे तिनं कापले नाहीत. "ते त्यांचे देव असतील. राहू देत बाजूला, दर्शन करतील." समईच्या उजेडात ते मखर असं काही हलायचं की अख्खी वाडी बघायला यायची. तिला फार अभिमान. कोणी विचारलं तर म्हणायची, "आमच्या माणसानं सिंगापूरहून आणलाय." माझं नाव घ्यायची नाही, रीतच नव्हती. पण 'आमच्या माणसानं' हे असं म्हणायची की मी तिथेच उभा असलो तर मागच्या दारानं बाहेर जायचो.

पुढे दर वर्षी तोच कागद. मी घरी नसलो तर घरी जाणाऱ्या कोणा खलाश्याबरोबर पाठवायचो.

एका वर्षी बोट सिंगापूरला लागलीच नाही, पिनांगला लागली. तिथली चिनी वस्ती निराळी. समुद्रात खांब रोवून त्यावर लाकडी घरं, आणि एका धक्क्यावर सगळी एकाच आडनावाची माणसं. ते कळल्यावर मला हसू आलं. आमच्या वाडीतही एकच आडनाव, पोस्टमन वैतागायचा. धक्क्याच्या तोंडाशी एक बाई कागद विकत होती. मी सोनेरी थप्पी उचलली.

ती म्हणाली, "हू डाय?"

"नो डाय," मी म्हणालो. "गॉड. डेकोरेशन." हातानं मखराची कमान करून दाखवली.

तिनं थप्पी माझ्या हातातून काढून घेतली. "नो, नो. डेड पीपल. युवर मदर डाय, यू बर्न. शी गेट मनी." आणि काडी ओढल्याचं करून दाखवलं. मला कळलं नाही असं वाटून तिनं शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारली. त्यानं मला पत्र्याच्या पिंपाजवळ नेलं. आत राख होती, आणि राखेत अर्धवट जळलेला एक तांबडा म्हातारा.

 तरी मी कागद घेतला. का घेतला ते आजही सांगता येत नाही. बोटीवर आल्यावर तीनदा कठड्याशी गेलो फेकायला. घरी खळ तयार असणार, वाडी वाट बघत असणार. तिला काय सांगू? दहा वर्षं आपण देवाला प्रेतांच्या नोटा चिकटवल्या? मुंबईला उतरल्यावर बाजारातून साधा सोनेरी क्राफ्ट पेपर घेतला आणि घरी तोच पुढे केला. तिनं बोट ओलं करून घासून बघितलं. "ह्याला ती लकाकी नाय. तुम्ही इसारलात काय? ट्रंकेत बगा की." तिनंच ट्रंक उघडली. झालं. कागद मखरावर गेला.

तेव्हापासून मी प्रत्येक बंदरात तो कागद खिशात घेऊन फिरलो. कोणीतरी सांगावं की ती बाई चुकली.

कलकत्त्याला चिन्यांच्या तिरेट्टी बाजारात पहाटे नाश्त्याला जायचो. ती वस्ती तेव्हाच निम्मी उठली होती, पोरं सगळी कॅनडाला गेलेली. वाफेवरचे पाव विकणारा एक म्हातारा चांगली हिंदी बोलायचा. त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "सोना-चांदी सब जलता है, देवता का भी, बाप का भी. हमारे में फरक नहीं करते." म्हणजे अर्धी सुटका झाली. तेवढी पुरली नाही.

योकोहामाला गेलो तर तिथली चिनी गल्ली जपान्यांसारखीच झाडून पुसून ठेवलेली. रंगीत कमानी, काचेतले पदार्थ मेणाचे. मधे देऊळ आहे, तिथे उदबत्त्यांबरोबर सोनेरी कागद देतात, नीट घडी करून. देवळातल्या माणसाला मी माझा कागद दाखवला आणि वर बोट केलं, मग जमिनीकडे केलं. त्यानं वर बोट केलं. देवाचा! मी त्या दिवशी बोटीवर गोड शिरा केला. सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, विचारलं, कोणाचा वाढदिवस?

मग सॅन फ्रान्सिस्को. चढावर चायनाटाउन, कमानीवर हिरवी कौलं. चौकात म्हातारे सोंगट्या खेळत बसतात. त्यातला एक हरला की पट उधळून निघून जायचा आणि दहा मिनिटांनी परत यायचा. तिथल्या दुकानातली पोरगी म्हणाली, "एनीथिंग यू लाइक, सर. पीपल पुट इट ऑन द वॉल." भिंतीवर लावतात! तिला स्वतःलाच माहीत नव्हतं आणि विचारायला घरात म्हातारं माणूस उरलं नव्हतं. मला तिचा राग आला. आता वाटतं, कशाला आला? माझी नात लागेल अशी एखादी पोरगी उद्या इथे अक्षता कशाच्या असतात ते सांगू शकेल काय?

लिव्हरपूलला सगळ्यात मोठी कमान पाहिली आणि कमानीच्या आत सगळ्यात कमी माणसं. दोन हॉटेलं उघडी, बाकी फळ्या ठोकलेल्या. खलाश्यांनी वसवलेली वस्ती होती म्हणे. कागद दाखवायला कोणी भेटलंच नाही. पावसात उभा राहून परत आलो.

सून म्हणते, चायनाटाउन म्हणजे डिमसम खाणं. मी म्हणतो, गल्ली बघायची असेल तर सोडे विकणारी बाई आहे का बघ. ती असेल तर वस्ती जिवंत. नसेल तर नुसते कंदील. सिंगापूरला शेवटी गेलो तेव्हा सगळे फेरीवाले उचलून एका मोठ्या इमारतीत घातले होते, घरांना गुलाबी-पिवळे रंग दिले होते. फोटो काढायला झकास. कागदाची गल्ली मला सापडली नाही, आणि त्यानंतर मी कागद आणलाही नाही.

बायकोनं या सगळ्यातली एकच जागा पाहिली, तीही मुंबईत. एकदा मला बोटीवर सोडायला ती आली होती. माझगावला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर चिन्यांचं लहानसं देऊळ आहे, गोदीतल्या चिनी खलाश्यांचं. मी तिला मुद्दाम तिथे नेलं. ठरवलं होतं, इथे सांगायचं. जिना अरुंद होता, ती लुगडं सावरत, "कुठे नेताय वो मला?" करत वर आली. आत तांबडा उजेड, मिशीवाला देव. आणि देवापुढे पाटावर आमचाच कागद. तिनं माझा दंड असा चिमटला की वळ उठला. "बगितलात? देवाचाच हाय! मी तुम्हाला पयल्या दिवशी बोल्ले होते." तिनं हात जोडले, तिथल्या बाईला 'चांगला हाय हो तुमचा देव' म्हणून सांगितलं, आणि पुढचे दोन जिने हसत उतरली. मी काय सांगणार?  तिचं म्हणणं खरं असेल, असंही वाटलं. पण पिनांगचं पिंप डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

ती तापानं गेली, आठ दिवसांत. मी बोटीवर होतो तेव्हा एकटीनं सगळं काढलं आणि मी घरात असताना गेली. डॉक्टरनं कारण सांगितलं, ते मला समजलं. पण माणूस काय डॉक्टरचंच ऐकतो? मी मनात धरून बसलो की बावीस वर्षं घरात मेलेल्यांचा कागद आणला, तो लागला. हे खुळेपण आहे. मला माहीत आहे. माहीत असून जात नाही.

तर त्या संध्याकाळी मी अल गराफात चालत होतो आणि शोधत काय होतो, तर या दोह्यात एखादी चिनी गल्ली. नाही आहे. चिनी आहेत, स्टेडियम बांधायला आले, रस्ते बांधायला आले, पण गल्ली नाही. शेवटी मी एका ड्रायव्हरला फोन लावला. खेडकडचा आहे, कंपनीची गाडी चालवतो, बायको-पोरं गावाला, हा इथे बरवा अल बराहाला कामगारांच्या वस्तीत राहतो. मला काका म्हणतो.

"चिनी माणूस कशाला पाह्यजे, काका? मोबाइल बिघडला काय?"

"विचारायचंय काहीतरी."

"मग शुक्रवारी या. आमच्या हितल्या चिन्यांच्या मेसमध्ये मी भाजी टाकतो. तिथला कुक ओळखीचा हाय. पण त्याला चायनीज भेल मागू नका हां."

शुक्रवारी बरव्याला गेलो. इमारतीमागे इमारत, प्रत्येक गॅलरीत दोरीवर कपडे. खाली बाकावर माणसं केस कापून घेतायत, कोणी फोनवर पोराला अभ्यासाचं विचारतोय, कोणी एका कढईत आपापल्या गावचं काहीतरी परततोय. सगळे पुरुष. माझ्या मनात आलं, त्या सगळ्या जुन्या चिनी वस्त्या सुरू झाल्या तेव्हा अशाच असणार. बाया नाहीत, म्हातारे नाहीत, एका खोलीत बंकावर झोपणारे आणि गावाकडे पैसे पाठवणारे. त्यांच्यातले काही परत गेले नाहीत म्हणून वस्ती झाली. इथे कोणाला राहू देत नाहीत. काम संपलं की खलास, विमानात बसा. म्हणून इथे कमान कोणी बांधणार नाही.

चिनी कुक पन्नाशीचा, गोल तोंडाचा, हातावर तेलानं भाजल्याचे डाग. माझ्याही हातावर आहेत. ते त्यानं पाहिले आणि विचारलं, "तुम भी किचन?" मी हो म्हणालो. मग त्यानं खुर्ची दिली. दहा वर्षं साइटवर राहून तो हिंदी आणि अरबी मिसळून बोलायचा, कुठल्याच भाषेचं व्याकरण न पाळता, पण सगळं समजायचं.

मी पुडकं पुढे ठेवलं. त्यानं हात धुतले, पुसले, मग ते सोडलं.

"ये किधर मिला? बहुत पुराना." त्यानं दोन ढीग केले. सोनेरीवर बोट ठेवलं. "ये भगवान." चांदीवर ठेवलं. "ये मरा हुआ आदमी. बाप, माँ, बीवी."

"पक्का?" मी विचारलं. "पिनांगमें औरत बोली, सोना भी मरा हुआ आदमी."

"उसका गाँव अलग. मेरा गाँव ऐसा." त्यानं खांदे उडवले. "इधर मेस में चार गाँव का आदमी है. चार तरीका. रोज झगडा."

ड्रायव्हर हसायला लागला. "काका, आपल्यासारखंच हाय. आमच्यात गौरीला मटण, बामणात पुरणपोळी."

मी हसलो नाही. एवढी वर्षं मी गल्ल्यागल्ल्यांतून एक उत्तर शोधत फिरलो आणि उत्तर असं होतं की ज्या गावातून लोक आले त्या गावचं ते. पिनांगची बाई खोटी नव्हती, योकोहामाचा माणूसही नाही. मीच खुळ्यासारखा एकाला दुसऱ्याचं खोटं ठरवायला बघत होतो.

"तुम्हारा बीवी?" कुकनं चांदीच्या ढिगाकडे हनुवटी केली.

"हाँ."

"जलाओ. पर नाम लिखो. नाम, गाँव. नाम नहीं तो उधर कौन लेगा? कोई भी ले लेगा."

घरी येऊन मी मुलाला आणि सुनेला बसवलं आणि सगळं सांगितलं. सिंगापूर, पिनांग, ट्रंक, माझगाव. सून सुरुवातीला हसली. "म्हणजे बाप्पाभोवती परलोकातली करन्सी?" मग मुलाचं तोंड बघून तिनं हसू आवरलं.

मुलानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "आईला सांगायला हवं होतंत."

"हो."

"तिला चाललं असतं, बाबा. ती म्हणाली असती, असू दे. पण तुम्ही तिला विचारलंच नाहीत."

"नाही विचारलं."

तो उठून आत गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी घरात कमी आणि रस्त्यावर जास्त होतो. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आला, हात धुतले, आणि कात्री घेऊन सोनेरी कागद कापायला बसला. सूनबाईनं ओट्यावर मैद्याची खळ केली. मी उभा राहिलो.

"सोनेरी लावतोय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आई देवाचा म्हणाली होती ना? मग देवाचा. चांदीच्याचं तुम्ही बघा."

चांदीचे चौतीस कागद निघाले. मी मार्कर घेऊन बसलो आणि अडलो. नाव काय लिहू?

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर मी अंगठीनं तिचं नाव लिहिलं होतं. ते नाव माझ्या आईनं मला आधी पाठ करून घेतलं होतं. रेशनकार्डावर तेच, पासपोर्टवर तेच, मरणाच्या दाखल्यावर तेच. पण त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही. 'अगो', 'ऐकतेस काय', यातच पन्नास वर्षं गेली. आणि त्याच्याआधी अठरा वर्षं तिला दुसरंच नाव होतं. तिच्या आईबापानं ठेवलेलं. तिचे आईबाप तिकडेच आहेत. ते तिला कुठल्या नावानं हाक मारतील? मी ठेवलेल्या नावानं नक्की नाही. आणि ते जुनं नाव मला आठवेना. ऐकलं असणार, साखरपुड्यात, पत्रिकेत. पुसलं गेलं. माझ्याच अंगठीनं पुसलं.

मेव्हण्याला फोन केला. त्याला कमी ऐकू येतं.

"तुमच्या बहिणीचं माहेरचं नाव काय?"

"क्काय? भाव? कसला भाव?"

"नाव! नाव हो! लग्नाआधीचं!"

"आमी बाय म्हनायचो." मग तो स्वतःशीच पुटपुटला. "आयला. खरंच की. काय होतं?" मग त्यानं लांब कोणाला तरी हाक मारली. त्याची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, खाटेवर असते. आतून बारीक आवाज आला. मेव्हण्यानं तो फोनवर माझ्यापर्यंत पोचवला, दोन वेळा, ओरडून. मग तोच म्हणाला, "भावोजी, पन्नास वर्षांत पयल्यांदा ऐकतोय हो हे." आणि फोन ठेवला की पडला, कळलं नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

पुढच्या शुक्रवारी उन्हं कलल्यावर आम्ही तिघे समैस्माला गेलो, समुद्रावर. तिथे लोक कोळसे पेटवून मांस भाजतात, त्यामुळे आमच्या पत्र्याच्या डब्याकडे कोणी पाहिलं नाही. मुलगा तरी सारखा इकडेतिकडे बघत होता. "बाबा, लवकर करा, यल्ला." समुद्रावरून वारा होता. चार काड्या विझल्या. मग सूनबाईनं गाडीच्या काचेला लावायचा तो चंदेरी पडदा काढून आणला आणि वाऱ्याच्या बाजूला धरून बसली, घामानं निथळत.

कागद पेटला. वर्ख आधी काळा पडतो आणि मग एकदम वळतो. प्रत्येक कागदावर मी आधी माहेरचं नाव लिहिलं होतं, खाली तिचा गाव, मग मी दिलेलं नाव, मग माझा गाव. पोस्टमन वैतागेल एवढा पत्ता. टाकताना वाचायचं, असं मीच ठरवलं. तोंडातल्या तोंडात वाचत होतो.

"मोठ्यानं म्हणा, बाबा," सून म्हणाली.

"तुझ्यासमोर?"

"मग कोणासमोर म्हणणार?"

मी घसा खाकरला. नवरा बायकोला नावानं हाक मारतो हे आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं, आणि ही तर तिच्या बापानं ठेवलेल्या नावानं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा जरा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा बरोबर लागला तेव्हा मुलगा इकडेतिकडे बघायचा थांबला आणि डब्याजवळ येऊन बसला. आईचं ते नाव त्याला माहीतच नव्हतं. त्यानं माझ्या हातातून अर्धे कागद घेतले.

"मी पण म्हणू?" त्यानं विचारलं.

"म्हण," मी म्हणालो. "घाई करू नको पण. एकेक टाक."